घरच्या योगासनांसाठी नैसर्गिक रबराची मॅट : तीन वर्षांच्या वापरानंतर

घरी नियमित योगासने करण्याचा निश्चय मी यापूर्वी दोनदा केला होता आणि दोन्ही वेळा तो दीड-दोन महिन्यांत मोडला. वेळ मिळत नाही, असे मी सर्वांना सांगत असे. परंतु दुसऱ्या खेपेस मनगट दुखू लागल्यामुळे मी थांबले होते आणि त्या दुखण्यात मॅटचाही वाटा होता, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले. तिसऱ्या खेपेस घेतलेली नैसर्गिक रबराची, ४ मिलिमीटर जाडीची मॅट आता तीन वर्षे वापरात आहे, आणि या तीन वर्षांत आठवड्यातून किमान पाच दिवस माझा अभ्यास झाला आहे.

आधीची मॅट १० मिलिमीटर जाडीची, मऊ फोमची होती. नवशिक्यांना जाड मॅटच बरी, असे सांगून दुकानदाराने ती दिली होती आणि हाताने दाबून पाहिल्यावर मलाही ते पटले होते. प्रत्यक्षात अधोमुख श्वानासनात, म्हणजे तळहात व पावले टेकून कंबर वर उचलताना, तळहाताची टाच त्या मऊपणात रुतते, मनगट गरजेपेक्षा अधिक मागे वाकते आणि शरीराचा भार नेमका तिथे येतो. वृक्षासनात एका पायावर उभे राहिले की घोटा सतत डगमगत राहतो; त्रिकोणासनात पाय फाकवले की मॅट ताणली जाऊन पाय हळूहळू आणखी लांब सरकतात. जमिनीवर पडून करायच्या व्यायामासाठी तशी मॅट चालेल, पण उभ्याने करायच्या आसनांसाठी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रबराच्या मॅटवर पाय टेकवला की फरशीचा टणकपणा तळव्याला जाणवतो आणि तरीही पाऊल घसरत नाही. मॅटची लांबी १८३ सेंटिमीटर आणि रुंदी ६१ सेंटिमीटर आहे; शवासनात मला ती पुरते, मात्र उंच माणसाचे डोके किंवा टाचा बाहेर जातील. वजन अडीच किलोच्या आसपास असल्याने खांद्याला लावून वर्गाला नेण्यास ती जड पडते, पण घरी हेच वजन सोयीचे आहे, कारण अंथरलेली मॅट जागची हलत नाही आणि तिचे कोपरे गुंडाळत नाहीत. गुडघे टेकताना मात्र ४ मिलिमीटरची जाडी कमी पडते. मार्जारासनात मी गुडघ्यांखाली घडी घातलेली सोलापुरी चादर घेते. तीच चादर सुखासनात बैठकीखाली घेतली की कंबर आपोआप सरळ होते. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात लाकडी विटा, पट्टे, दोर आणि खुर्च्या यांच्या आधाराने आसने शिकवण्याची जी पद्धत रुजवली, तिच्यामुळे आधार घेण्यात कमीपणा नाही हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे, आणि घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्याने तर ते मनात पक्के धरावे.

मॅटला २,४०० रुपये पडले. पहिले दोन आठवडे रबराचा वास येत होता. गॅलरीत सावलीत टांगल्यावर तो गेला. सावली म्हणण्याचे कारण असे की कडक उन्हात नैसर्गिक रबर कडक होऊन तडकते. त्याला तेलही मानवत नाही. एका हिवाळ्यात भेगा पडलेल्या टाचांना रात्री खोबरेल लावून मी सकाळी तशीच मॅटवर उभी राहत होते. महिनाभरात त्या दोन जागा गुळगुळीत झाल्या, बोटाने चाचपले की तिथला खरखरीतपणा गेलेला कळतो आणि आजही त्या जागी पाय किंचित सरकतो. आता अभ्यासापूर्वी पाय साबणाने धुते आणि मॅट आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून वाळवते. ज्यांना लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराच्या चिकाची, ॲलर्जी आहे, त्यांनी ही मॅट घेऊ नये.

उन्हाळ्यात घाम आला की मी मॅटवर सुती सतरंजी अंथरते. ती घाम टिपते, धुता येते आणि खाली रबर असल्यामुळे फरशीवरून सरकत नाही. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात कुश गवत, अजिन म्हणजे मृगचर्म आणि वस्त्र असे एकावर एक थर असलेले स्थिर आसन सांगितले आहे, त्याची अशा वेळी आठवण होते. पावसाळ्यात मात्र सतरंजी दोन-दोन दिवस वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो, म्हणून जून ते सप्टेंबर ती गुंडाळून ठेवलेली बरी.

अभ्यास टिकण्याचे श्रेय मी मॅटच्या जागेलाही देईन. आमच्या वन-बीएचकेत दिवाणाजवळची पट्टी मी कायमची मोकळी केली असून रात्री झोपण्यापूर्वीच तिथे मॅट अंथरून ठेवते. पहाटे कपाट उघडा, मॅट काढा, टीपॉय सरकवा, एवढ्यातच पूर्वी माझा उत्साह संपत असे. आता चहापूर्वीची पंचवीस मिनिटे ठरलेली आहेत. ज्या दिवशी अंग जड असते, त्या दिवशी ताडासन आणि शवासन एवढेच करते, पण मॅटवर जाते.

गेल्या दिवाळीत हीच मॅट दुसऱ्यांदा घेतली, ती आईसाठी. ती ७६ वर्षांची आहे आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभ्याने आसने करते; खुर्चीचे चारही पाय मॅटवर असले की खुर्ची फरशीवरून सरकत नाही, त्यामुळे मी शेजारी नसतानाही ती निर्धास्तपणे हात सोडून क्षणभर उभी राहू लागली आहे.