पासाऊ ते व्हिएन्ना सायकलने: पहिल्या परदेशी सफरीसाठी घेतलेल्या सेवेचे परीक्षण

गेल्या मे महिन्यात मी आणि माझ्या पत्नीने जर्मनीतील पासाऊ या गावापासून ऑस्ट्रियाच्या राजधानीपर्यंत, म्हणजे व्हिएन्नापर्यंत, डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलप्रवास केला. अंतर साधारण ३२० किलोमीटर होते आणि ते आम्ही सात दिवसांत पार केले. त्यासाठी तिकडच्या एका कंपनीकडून जी सेवा घेतली, तिच्यात वाटाड्या सोबत येत नाही. कंपनी आठ रात्रींचे मुक्काम आणि सकाळची न्याहारी ठरवून देते, सायकली भाड्याने देते, नकाशे पुरवते आणि आपली बॅग रोज एका हॉटेलातून उचलून पुढच्या हॉटेलात पोहोचवते. सायकल मात्र आपणच चालवायची आणि वाटही आपणच शोधायची. या मार्गावर अशी सेवा अनेक कंपन्या देतात आणि तिची रचना सगळीकडे जवळपास सारखी असते, त्यामुळे कंपनीचे नाव न घेता मी सेवेविषयीच लिहीत आहे. नागपुरात रामटेकपर्यंत जाऊन येणारे, पण परदेशात कधीही सायकल न चालवलेले बरेच जण आता असा विचार करू लागले आहेत, आणि हे लेखन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

पहिल्या सफरीसाठी हा मार्ग सुचवणे योग्यच आहे. नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, आपण प्रवाहाच्या दिशेने जातो आणि पासाऊ ते व्हिएन्ना एवढ्या अंतरात उतार जेमतेम दीडशे मीटरचा असतो. वाराही बहुतेक वेळा पाठीमागून येतो. बराचसा रस्ता मोटारींपासून वेगळा, डांबरी आणि सपाट आहे. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून रुमानियातील काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या लांबलचक सायकलमार्गाचा हा एक भाग असल्याने खुणांचे फलकही भरपूर आहेत. आम्ही श्लोगेन, लिंझ, ग्राइन, मेल्क, क्रेम्स आणि टुल्न असे मुक्काम करत गेलो आणि रोजचे अंतर ३५ ते ६५ किलोमीटरच्या दरम्यान राहिले. अमरावती रोडवर ट्रकांच्या शेजारून सायकल चालवण्याची सवय असलेल्या माणसाला दिवसभर भोंगा ऐकू न येणे ही केवढी विश्रांती असते, ते तिथे गेल्यावरच कळते.

कंपनीची खरी उणीव मला प्रवासात नव्हे, तर प्रवासाच्या तीन महिने आधी जाणवली. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हा पहिला प्रश्न होता. विमान म्युनिकला उतरणार आणि सफर पासाऊला सुरू होणार, म्हणून आम्ही जर्मनीचा अर्ज भरायला घेतला होता. प्रत्यक्षात ज्या देशात मुक्काम सर्वाधिक दिवस असेल, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. आमची एक रात्र जर्मनीत आणि बाकी सगळ्या रात्री ऑस्ट्रियात होत्या, म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाकडेच करायला हवा होता. ही गोष्ट कंपनीच्या माहितीपत्रात एका ओळीत सांगता आली असती. दुसरी अडचण त्याहून त्रासदायक ठरली. कंपनीने पाठवलेल्या आरक्षणाच्या पत्रावर फक्त माझे नाव होते आणि हॉटेलांची नावे असली तरी त्यांचे पत्ते नव्हते. व्हिसाच्या कागदपत्रांत प्रत्येक अर्जदाराचे नाव आणि प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा लागतो. दुरुस्त पत्र यायला अकरा दिवस लागले, आणि तोपर्यंत मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देण्याची तारीख घेता येईना. अखेर पत्र आले, आम्ही दुरांतोने मुंबईला गेलो आणि काम झाले. तरी ते अकरा दिवस घरात ताणाचेच गेले. म्हणून पैसे भरण्याआधीच कंपनीला लिहून सांगावे, की पासपोर्टवर आहेत तशी सर्वांची नावे आणि सर्व हॉटेलांचे पूर्ण पत्ते असलेले पत्र हवे आहे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. विमा घेताना सायकल चालवताना झालेली दुखापत त्यात धरली आहे का, हे पॉलिसीच्या मजकुरात स्वतः वाचून पाहावे, एजंटाच्या तोंडी उत्तरावर थांबू नये.

सायकलींबाबत कंपनीने उंची विचारली आणि आम्ही ती कळवली, तरीही पासाऊच्या हॉटेलात पत्नीसाठी ठेवलेली सायकल तिच्या पाच फूट एक इंच उंचीला मोठी होती. फोन केल्यावर पाऊण तासाच्या आत दुसरी, खालच्या दांड्याची सायकल आली, आणि हे काम त्यांनी तत्परतेने केले असे म्हणायला हवे. आरक्षण करताना एक निवड मात्र समजून करावी. काही सायकलींना पेडल उलटे फिरवले की मागचा ब्रेक लागतो. सिग्नलला थांबल्यावर पेडल मागे घेऊन पाय ठेवण्याची आपली सवय अशा सायकलीवर घातक ठरू शकते, म्हणून मोकळे पेडल असलेली सायकल मागून घ्यावी. हाताच्या ब्रेकचेही तसेच आहे. घरच्या माझ्या सायकलीला पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे, तिथे तो डाव्या हाताला होता. त्यातच रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचे असल्याने पहिल्या सकाळी आम्ही अर्धा तास हॉटेलमागच्या मोकळ्या जागेत नुसते वळणे घेण्याचा आणि थांबण्याचा सराव केला. माझ्या मते तो अर्धा तास कोणीही टाळू नये. स्वतःची सीट नेऊन भाड्याच्या सायकलीला बसवणे हा माझा निर्णय सर्वांत फायद्याचा ठरला, कारण तिसऱ्या दिवशी पाय कुरकुर करत नाहीत, बैठक करते. त्याची तयारी आम्ही नागपुरातच केली होती. मार्चपासून पहाटे साडेपाचला निघून सलग तीन दिवस पन्नास-पन्नास किलोमीटर चालवणे, असा सराव दर पंधरवड्याला ठेवला होता. एकाच दिवशी शंभर किलोमीटर मारण्यापेक्षा या सलग दिवसांचा उपयोग अधिक झाला.

हवामानाकडे आम्ही पुरेसे लक्ष दिले नव्हते. नागपूर सोडताना पारा ४४ अंशांवर होता आणि पासाऊला सकाळी नऊ अंश तापमानात पाऊस पडत होता. आपल्याकडे मेच्या अखेरीस नवतपा लागतो, तसा तिथे मेच्या ११ ते १५ तारखांच्या सुमारास थंडीचा शेवटचा तडाखा येतो अशी जुनी समजूत आहे, आणि त्या दिवसांना तिकडचे लोक हिमसंतांची नावे देतात. आम्ही नेमके त्याच दिवसांत पोहोचलो होतो. पाण्यापासून बचाव करणारे चांगले जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे सोबत असावेत, आणि ते बॅगेत नव्हे, तर सायकलवरच्या पिशवीत असावेत. बॅग सकाळी नऊच्या आत खाली आणून द्यावी लागते आणि मग ती संध्याकाळपर्यंत आपल्या हाती येत नाही. सातपैकी सहा वेळा बॅग आमच्या आधी पोहोचलेली होती. ग्राइनला मात्र ती सायंकाळी सातनंतर आली, आणि भिजलेल्या कपड्यांत तीन तास बसून राहावे लागल्याने पत्नीला दुसऱ्या दिवशी ताप भरला.

खाण्याची आबाळ झाली नाही, पण रविवारी किराणा दुकाने बंद असतात हे शनिवारीच लक्षात ठेवावे. अंडे चालणाऱ्या शाकाहारी माणसाला चीज घातलेले श्पेत्सल (पिठाच्या जाडसर, आखूड शेवया), मशरूमच्या रश्श्यातले पावाचे गोळे आणि जर्दाळूचे गोड डंपलिंग सहज मिळते. सासूबाईंनी दिलेली तुपाची बरणी मात्र घरीच ठेवावी लागली, कारण युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी विनातक्रार गेली.

मार्गाच्या आखणीत मला एक गोष्ट मनापासून खटकली. लिंझ ते ग्राइन हा साठ किलोमीटरहून अधिकचा, सर्वांत लांबचा दिवस आहे, आणि नेमके त्याच दिवशी वाटेत माउटहाउझेन लागते. १९३८ ते १९४५ या काळात नाझींनी तिथे छळछावणी चालवली आणि कैद्यांना ग्रॅनाइटच्या खाणीत राबवून मारले. आज तिथे स्मारक आहे. ते नदीकाठावर नसून चढावर आहे, आणि कंपनीच्या पुस्तिकेत त्याची नोंद एका ओळीची आहे. आम्ही वर गेलो, पण पुढे चाळीसेक किलोमीटर बाकी असल्याने दीड तासात परतलो. अशी जागा घड्याळाकडे पाहत बघण्याची नाही. ग्राइनऐवजी माउटहाउझेनलाच मुक्काम मागावा, किंवा तिथे एक जास्तीची रात्र घ्यावी.

त्याउलट मेल्क ते क्रेम्स हा दिवस फक्त ३५ किलोमीटरच्या आसपास ठेवण्याचा निर्णय अगदी बरोबर आहे. १८व्या शतकाच्या आरंभी उभा राहिलेला मेल्कचा पिवळा मठ सकाळी पाहून निघालो, की वाखाऊचे खोरे सुरू होते. २००० साली युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. दोन्ही बाजूंनी द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूच्या बागा आहेत. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात नातेवाईक असलेल्या आम्हा दोघांना झाडांमधले अंतर आणि बांधावरची कामे पाहतच राहावेसे वाटले. श्पिट्सजवळ इंजिन नसलेली, तारेला बांधलेली आणि केवळ प्रवाहाच्या जोराने पलीकडे जाणारी नाव आहे, तिच्यातून सायकली घेऊन आम्ही नदी ओलांडली. या खोऱ्यात एक दिवस पुरत नाही.

दोघांचे मिळून, सायकलींच्या भाड्यासह, सुमारे २,१०० युरो कंपनीला दिले. विमान, विमा, दुपारचे आणि रात्रीचे जेवण, होड्यांची भाडी आणि हॉटेलात द्यावा लागणारा स्थानिक कर हे सारे त्याशिवाय होते. सायकल नागपूरहून खोक्यात बांधून नेण्याचा खटाटोप आणि आठ हॉटेले स्वतः शोधण्याचे काम यांचा विचार करता मला ही रक्कम वाजवी वाटते. पुढच्या वर्षी धंतोलीतील दोन स्नेह्यांना घेऊन आम्ही चौघे याच मार्गावर जाणार आहोत. कंपनीला या वेळी पाठवलेल्या पत्रात माउटहाउझेनला एक रात्र आणि क्रेम्सला दोन रात्री मागितल्या आहेत, आणि त्याच पत्रात चौघांचीही नावे पासपोर्टप्रमाणे लिहून दिली आहेत.