डॅगरहार्ट: तीन टोकनांचा पर्यायी नियम खेळून पाहिल्यावर

डॅगरहार्ट हा टेबलाभोवती बसून खेळायचा रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायची. तो घेऊ का, असं मला कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, तुमच्या टेबलावर सगळ्यांत जास्त कोण बोलतं? या खेळाचा अनुभव बराचसा त्याच उत्तरावर ठरतो. डॅरिंग्टन प्रेसने २०२५ मध्ये आणलेल्या या खेळात लढाईलासुद्धा इनिशिएटिव्ह, म्हणजे ठरलेला पाळीचा क्रम, नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये तलवारी बाहेर आल्या की वीस बाजूंच्या फाशावर क्रम लागतो, आणि निदान तेवढा वेळ तरी प्रत्येकाची पाळी हमखास येते. इथे ज्याला सुचेल तो पुढे होतो. रोल, म्हणजे फासे टाकून केलेला प्रयत्न, फसला किंवा दोन फाशांपैकी फिअरचा (भीतीचा) वरचढ ठरला की स्पॉटलाइट, म्हणजे चाल करायची संधी, जीएमकडे (गोष्ट चालवणाऱ्या गेम मास्टरकडे) येतो, जीएमची चाल झाली की परत खेळाडूंकडे.

जुळलेल्या ग्रुपमध्ये हे फार छान रंगतं. पाळीची वाट बघत कुणी मोबाइल काढत नाही, एकाच्या चालीतून दुसऱ्याची चाल सुचत जाते. पण "मी करतो!" म्हणायला कायम एकच जण पहिला असेल, तर सेशन, म्हणजे खेळाची ती अख्खी बैठक, त्याचं होऊन जातं. आमच्या टेबलावर तो बार्ड, म्हणजे गाणाऱ्या-बोलणाऱ्या कलावंताचं पात्र खेळणारा, आहे. माणूस उत्साही, कल्पना सरस, आणि कुणाचं वाईट व्हावं असं त्याच्या मनातही नसतं. तरीही गार्डियन, म्हणजे इतरांचं रक्षण करणारं पात्र, खेळणारा आमचा मित्र तासभर फक्त फासे हातात फिरवत बसायचा.

यात हिशोबाचाही भाग आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. प्रत्येक रोलला बारा बाजूंचे दोन फासे पडतात, एक होपचा (आशेचा), एक फिअरचा. होपचा मोठा आला की खेळाडूला एक होप, म्हणजे पुढे खर्च करता येणारा गुण, मिळतो; दोन्ही सारखे आले तर क्रिटिकल, म्हणजे दणदणीत यश, तेव्हाही होप मिळतोच. १४४ शक्यतांपैकी ७८ होपच्या बाजूच्या, ६६ फिअरच्या. म्हणजे जो जास्त रोल करतो त्याच्याकडे जास्त होप येतो, त्या होपवर त्याच्या खास करामती चालतात, आणि त्या चालल्या की तो आणखी पुढे सरसावतो. त्याने ओढवलेला फिअर मात्र जीएमच्या साठ्यात जातो आणि अख्ख्या टोळीवर उलटतो. गप्प बसणाऱ्याच्या वाट्याला होप येत नाही, मार मात्र सगळ्यांच्या बरोबरीने येतो. म्हणून "त्याला बोलायला आवडत नाही, राहू दे" असं म्हणून जीएमने हात झटकू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

नियमांमध्ये यावर एक छोटा पर्यायी उपाय दिलाय. सेशनच्या किंवा प्रसंगाच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपल्या कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) टोकनं ठेवायची, शिफारस तीनची आहे. चाल केली की एक काढायचं. ज्याची संपली त्याच्याकडे स्पॉटलाइट जात नाही, दुसऱ्याकडे वळतो. सगळ्यांची संपली की पुन्हा सगळ्यांना तेवढीच. बटणं, मणी, काहीही चालतं.

मला वाटलं होतं याने बार्डला लगाम बसेल. तो बसलाच, पण खरी कमाई वेगळी निघाली. न वापरलेली टोकनं सगळ्यांना दिसतात! दोराचा पूल तुटायला आला होता, मागे शत्रू. बार्डने सवयीने तोंड उघडलं, आपल्या रिकाम्या शीटकडे पाहिलं आणि मान वळवली ती थेट गार्डियनच्या तीन टोकनांकडे. पाठोपाठ सगळ्यांनीच तिकडे पाहिलं. गार्डियनने एक टोकन उचलून मधल्या वाटीत टाकलं आणि म्हणाला, "मी दोर धरून ठेवतो. तुम्ही निघा पलीकडे." रोल जमला, पण फिअरसह, दोर टिकला, तो एकटा अलीकडे अडकला. पुढचा सगळा प्रसंग त्याला सोडवण्याचा झाला, आणि त्यात सर्वांत जोरात ओरडत होता तो बार्डच. मी "आता तू बोल" असं म्हटलं असतं तर त्या मित्राला परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं असतं. टोकनांनी ते काम कुणाला न अवघडवता केलं.

पळवाटा आहेत. टोकन चाल मोजतं, वेळ मोजत नाही. एकाच चालीचं कुणी लांबलचक भाषण केलं तर नियम गप्प. दुसरी मोठी, म्हणजे टोकनं संपलेला खेळाडू दुसऱ्याच्या तोंडून खेळायला लागतो: "तू दरवाजा तोड, मग डावीकडे वळ." एक होप खर्चून मदतीचा फासा देता येतो, तो आम्ही टोकनाशिवाय चालू देतो, पण अट अशी की मदत कशी करतोस ते एका वाक्यात सांग, आणि ती चाल ज्याची आहे त्याने ठरवल्यानंतरच सांग. तीन होप खर्चून दोघांनी मिळून करायच्या टॅग टीम रोलचं मात्र मला मनापासून कौतुक वाटतं, इतका तो अशा खेळाडूंना मानवतो. प्रत्येकाला सेशनमध्ये एकदाच तो सुरू करता येतो, आणि त्यात चमकायचं तर जोडीदार घ्यावाच लागतो. आमचा बार्ड हल्ली होप साठवतो तो यासाठी.

नुसत्या गप्पांच्या प्रसंगात टोकनं कुचकामी. तिथे जीएमलाच कामाला लागावं लागतं. जीएम म्हणून मी रंगवलेला पहारेकरी बार्डचं गोड बोलणं ऐकून घेतो आणि प्रश्न गार्डियनला विचारतो: "ही ढाल कुणाची?" असा प्रश्न ज्याच्या त्याच्या पार्श्वभूमीतून उचलला की गप्प माणूसही दोन वाक्यांच्या पुढे जातो. आणि कुणी मुद्दाम दुसऱ्यांना दाबत असेल, तर टोकनं आणून उपयोग नाही. त्याच्याशी सेशननंतर, बाजूला घेऊन, स्पष्ट बोलावं.

सहा खेळाडू असतील तर तीनऐवजी दोन टोकनं ठेवा. अठरा चालींची फेरी फार लांबते आणि ज्याची आधी संपली तो कंटाळतो. पुस्तक घेण्याआधी खेळाचा एसआरडी, म्हणजे मूळ नियमांचा दस्तऐवज, फुकट उतरवून घेता येतो, टोकनांचा हा नियम त्यातही आहे. इनिशिएटिव्ह नसलेला दुसरा कुठला खेळ तुम्ही खेळत असाल, तर तिथेही तो जसाच्या तसा बसतो.