कालिदासची मैफल की सतरंजीवरची बैठक?

नाशिकमध्ये शास्त्रीय संगीताच्या हंगामाचं सभासदत्व घ्यायचं, तर आधी ठरवा: कालिदास कलामंदिरासारख्या मोठ्या सभागृहातल्या मैफली, की छोट्या दालनातली सतरंजीवरची बैठक?

मोठ्या सभागृहात नामवंत येतात, खुर्च्या असतात, आई-बाबांना नेणं सोपं जातं. पण गाणं पोचतं ते स्पीकरमधून, आणि ध्वनिसंयोजन जमलं नाही तर तबला गायकाच्या आवाजावर चढतो. शिवाय मैफली बहुधा संध्याकाळच्या, म्हणजे यमन, पूरिया, बागेश्री असे संध्याकाळ-रात्रीचे राग. तोडी, भैरव हे सकाळचे राग ऐकायचे तर सकाळची बैठकच गाठावी लागते.

बैठकीत तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा घुमारा, माईकशिवाय कानात भरते. तबलजी हातोडीने हलके ठोके देत सूर जुळवतो, तेही हाताच्या अंतरावर दिसतं. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाच्या बारा मात्रा ओलांडून गायक समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की दाद आपसूक निघते, आणि ती त्याला ऐकूही जाते. पुढचं आवर्तन, म्हणजे तालाचा पुढचा फेरा, त्या दादेनेच खुलतं! १९२१ साली गायक द. वि. पलुस्कर जन्मले त्या गावात हे टिकायलाच हवं.

गुडघे दुखत असतील तर मागे खुर्ची मागून घ्या. मी सभासदत्व बैठकीचंच घेईन. कालिदासचं तिकीट आवडत्या कलाकारापुरतं.