कंपनीचा राउटर ब्रिजवर टाकून आठ महिने: वापरानंतरचा अनुभव

फायबरच्या कनेक्शनवर "कंपनीचा राउटर काढून स्वतःचा लावला" असं कोणी सांगितलं तर ते अर्धंच खरं असतं. भिंतीवरचा पांढरा डबा दोन कामं करतो. फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं इथरनेट करतो, हे ओएनटीचं काम. मग कंपनीकडे लॉगिन करून घरात वायफाय वाटतो, हे राउटरचं काम. दुसरं काम त्याच्याकडून काढून घेता येतं. पहिलं सहसा नाही, कारण एक्स्चेंजमधलं ओएलटी मशीन ओएनटीला त्याच्या सिरियल नंबरवरून ओळखतं (काही ठिकाणी वर एक पासवर्डही असतो). बाजारातून आणलेला ओएनटी कंपनीने तो नंबर चढवल्याशिवाय चालत नाही. म्हणजे डबा भिंतीवर राहतोच, त्याचा प्लगही अडकलेला राहतो.

इथला सेटअप असा: १५० एमबीपीएसचा प्लॅन, ओएनटी ब्रिज मोडमध्ये (म्हणजे स्वतः लॉगिन न करता नेट नुसतं पुढे देतो), मागे एएक्स १८०० वर्गातला (वायफाय ६ चा) राउटर. प्रोसेसर एमटी ७६२१, रॅम १२८ एमबी, फ्लॅश १६ एमबी, आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मोफत फर्मवेअर.

वेगाबद्दल आधीच सांगतो, कारण बहुतेकांचा पैसा त्या आशेवर जातो. केबल लावून मोजलं तर दोन्ही राउटरवर आकडा तोच. वाढला तो आतल्या खोलीतला वेग, आणि त्यातलंही निम्मं श्रेय जागेचं. लाइनमन डबा तिथेच ठोकतो जिथे फायबर आत येते: दाराच्या वर, टीव्हीच्या मागे, नाहीतर माळ्यावर. स्वतःचा राउटर दहा-बारा मीटर लॅन केबलने घराच्या मध्यावर आणता येतो. तुमचा ओएनटी फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला असेल तर फरक मोठा दिसेल. दोन्ही बँडचा असेल तर आधी त्याचीच जागा बदलून पाहा, फुकटात होतं.

खरेदीआधी ओएनटीचे पोर्ट पाहा. बऱ्याच डब्यांवर चार पोर्ट असले तरी गिगाबिटचा एकच असतो, बाकीचे १०० एमबीपीएसचे. तो एकटा पोर्ट वेगळ्या रंगाचा असतो किंवा त्यावर जीई लिहिलेलं असतं. चुकीच्या पोर्टात वायर गेली की स्पीड टेस्ट ९२-९४ च्या पुढे जात नाही आणि दोष नव्या राउटरला मिळतो. वायर जुनी असेल आणि टोकाला आठाऐवजी चारच तारा क्रिम्प केल्या असतील, तरी हेच होतं. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन पोर्टची (बाहेरून नेट येतं तो) लिंक १००० दिसते की १००, हे पहिल्याच दिवशी बघा.

आता ब्रिज. कस्टमर केअरला "माझा राउटर लावायचाय" म्हटलं की पलीकडे गोंधळ होतो. नेमकं मागा: "इंटरनेटचं वॅन कनेक्शन ब्रिज मोडवर टाका, पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड द्या." (पीपीपीओई म्हणजे कंपनीकडे लॉगिन, म्हणजेच डायल, करायची पद्धत.) पासवर्ड आधी हातात घ्या, मगच ब्रिज करा, उलट केलं तर मधल्या काळात घर बिननेटचं. ओएनटीच्या पानावर ॲडमिन लॉगिन असेल तर हे घरीही जमतं. वॅनच्या यादीत इंटरनेट लिहिलेली ओळ उघडा, व्हीएलएएनचा आकडा (एकाच फायबरवरच्या सेवा वेगळ्या ठेवणारा क्रमांक) टिपून घ्या आणि तो तसाच ठेवा, मोड राउटवरून ब्रिजवर न्या, आणि खाली पोर्ट बाइंडिंगमध्ये फक्त गिगाबिटचा पोर्ट निवडा. व्हीएलएएन ओएनटीच लावत असेल तर आपल्या राउटरमध्ये पुन्हा टाकायचा नाही. दोन्हीकडे टाकला की डायल होतच नाही, आणि एररमधून काही कळत नाही. बदल करण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

त्याच यादीत व्हॉइस नावाची दुसरी ओळ दिसली तर तिला हात लावू नका. लँडलाइन त्या ओळीवर चालते, तिचा व्हीएलएएन वेगळा, आणि फोनची वायर ओएनटीच्या फोन पोर्टातच राहते. इंटरनेट ब्रिज झालं तरी फोन वाजत राहतो. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स याच कनेक्शनवर असेल तर तो ओएनटीच्या आधीच्याच पोर्टात राहू द्या.

यानंतर ओएनटीचं वायफाय बंद करा. नाहीतर जुन्या नावाला फोन चिकटतात आणि "कनेक्टेड, पण इंटरनेट नाही" असं दाखवत बसतात. तेच जुनं नाव आणि तोच पासवर्ड नव्या राउटरला द्या. घरातले बल्ब, कॅमेरे, गीझरचा स्मार्ट प्लग एकेक करून पुन्हा जोडण्याची हमाली वाचते. असली स्वस्त उपकरणं २.४ वरच चालतात आणि डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा पाहून बावचळतात, म्हणून त्या बँडला डब्ल्यूपीए२ ठेवलंय, चॅनल १, ६ किंवा ११ पैकी सगळ्यात मोकळा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. सोसायटीत ४० रुंदीचा हट्ट धरला तर शेजाऱ्यांशी भांडणातच वेळ जातो. ५ गिगाहर्ट्झला ८० रुंदी आणि देश 'भारत' निवडा. मधले ५२ ते १४४ चॅनल रडारसाठी राखून वापरायचे असतात. त्यावर राउटर सुरू झाला की निदान मिनिटभर रडार आहे का ते ऐकत बसतो, मग वायफाय दिसतं. तेवढ्यात "नेट गेलं" अशी हाक येते, म्हणून ३६ बरा.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, ही सगळ्यात फसवी जागा. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट खातं, म्हणून १५०० ऐवजी १४९२. हा आकडा चुकला तर नेट बंद पडत नाही, आणि म्हणूनच कारण सापडत नाही: व्हिडिओ चालतो, मेसेज जातात, पण एखाद्या बँकेचं पान अर्ध्यात लटकतं. तपासायला पिंगला 'तुकडे करू नको' हा पर्याय लावा. १४६४ बाइट जातात आणि १४६५ अडतात, म्हणजे १४९२ बरोबर (उरलेले २८ बाइट हेडरचे). ओपनडब्ल्यूआरटीत वॅन झोनवर एमएसएस क्लॅम्पिंगची (पॅकेट या मापात बसवणारी) टिक असते, ती काढू नका.

आठ महिन्यांत बिघडलं ते बहुतेक राउटरच्या बाहेरच. पहिलं म्हणजे ब्रिज आपोआप सुटणं. कंपनी ओएनटीला टीआर-०६९ मार्फत दूरवरून हाताळते. फर्मवेअर अपडेट किंवा तक्रारीनंतरच्या रिसेटमध्ये डबा पुन्हा राउट मोडवर येतो आणि त्याच युजरनेमने स्वतः डायल करतो. एका युजरनेमला एकच सेशन, त्यामुळे आपला राउटर बाहेर. लक्षण सोपं: डब्यावरचा इंटरनेटचा हिरवा दिवा, जो ब्रिजमध्ये एरवी विझलेला असतो, तो पेटलेला दिसतो. म्हणूनच ते फोटो.

दुसरं, लाइट गेल्यानंतरचं अडकणं. सेशन नीट न सोडता राउटर बंद पडला की कंपनीच्या सर्व्हरवर जुनं सेशन जिवंतच राहतं आणि नव्या डायलला "ऑथेंटिकेशन फेल" उत्तर येतं. लोक इथे पासवर्ड बदलायला धावतात. काही करू नका, पाच-दहा मिनिटं थांबा. यावर मिनी यूपीएस हाच खरा इलाज, फक्त त्याच्या आकड्याला भुलू नका. ८००० एमएएच हे ३.७ व्होल्टवरचं माप, म्हणजे साधारण ३० वॉटतास. ओएनटी आणि राउटर मिळून १४ वॉट धरले आणि थोडी गळती वजा केली, तर पावणेदोन तास. दोन्ही अडॅप्टर १२ व्होल्टचेच आहेत ना, पिन ५.५ बाय २.१ ची आहे की २.५ ची, आणि दोघांचे मिळून अँपिअर यूपीएस देतो का, हे दुकानातच पाहून घ्या. जीपॉनमध्ये (घरगुती फायबरची नेहमीची पद्धत) वाटेतल्या, प्रकाश घरोघर वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे एक्स्चेंजला बॅकअप असेल तर वाडीवस्तीची लाइट गेली तरी घरचं नेट टिकतं. केबलवाल्याचा स्विच जिन्यात असलेल्या इमारतीत मात्र तुमचा यूपीएस एकटा काही करू शकत नाही. (अशा इमारतीत गच्चीवरून थेट तांब्याची लॅन केबल येते, ओएनटीच नसतो, आणि स्वतःचा राउटर लावणं सगळ्यात सोपं. कंपनीने जुन्या राउटरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळखक्रमांक) बांधलेला असेल तर तो नव्यावर क्लोन करायचा, झालं. पण पावसाळ्यात जवळपास वीज कडाडली की वॅन पोर्ट जळतो तोही याच इमारतीत.)

तिसरं, आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत. काही कनेक्शनवर कंपनी एकच /६४ प्रीफिक्स (एका नेटवर्कपुरता पत्त्यांचा गट) देते. तो मुख्य नेटवर्कला गेला की पाहुण्यांच्या वायफायला आयपीव्ही६ उरत नाही. राउटर रीस्टार्ट होऊन प्रीफिक्स बदलला, तर फोन-लॅपटॉप जुनाच पत्ता धरून बसतात आणि पानं काही काळ रेंगाळतात. वायफाय बंद-चालू केलं की सुटतं.

पैसे कुठे वसूल झाले विचाराल तर एसक्यूएममध्ये, म्हणजे पॅकेटची रांग आटोक्यात ठेवणाऱ्या सोयीत. मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढत असताना व्हिडिओ कॉल तुटायचा, कारण अपलोडची रांग भरून पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) फुगायचा. त्यातला केक अल्गोरिदम लावला, दोन्ही दिशांना मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के मर्यादा घातली, म्हणजे १५० ला १३५, आणि ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटमागचा जादा भार) ४४ बाइट. पंधरा एमबीपीएस हातचे गेले, कॉल तुटणं थांबलं. सौदा चांगला आहे. पण एसक्यूएम लावलं की हार्डवेअर ऑफलोडिंग (प्रोसेसरला वगळून पॅकेट परस्पर पाठवणं) बंद ठेवावं लागतं आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. एमटी ७६२१ ला दीडशेचा प्लॅन पेलतो, तीनशेच्या पुढे धाप लागते. त्या प्लॅनला तगडा प्रोसेसर घ्या, किंवा एसक्यूएम सोडून ऑफलोडिंग चालू ठेवा.

स्वतःच्या राउटरने जे सुटत नाही ते सीजीनॅट, म्हणजे कंपनीने अनेक घरांत मिळून एकच बाहेरचा पत्ता वाटणं. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या यंत्राकडे वळवणं) कितीही केलं तरी घरचा कॅमेरा बाहेरून उघडणार नाही. स्टॅटिक आयपी विकत घ्या किंवा आयपीव्ही६ वापरा. हे आधी पाहिलं तर निम्म्या जणांची खरेदीच टळेल.

कंपनी ब्रिज द्यायलाच तयार नसेल तर डबल नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल ओएनटीतही आणि आपल्या राउटरमध्येही. ओएनटी १९२.१६८.१.१ वर असेल तर आपल्या राउटरला १९२.१६८.५०.१ द्या (दोन्ही एकाच रांगेत ठेवले तर नेट चालणार नाही), वॅन डीएचसीपीवर (पत्ता आपोआप मिळतो), आणि ओएनटीच्या डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं एका यंत्राकडे वळवणारी सेटिंग) आपल्या राउटरचा पत्ता. त्याला जितकी नावं ठेवली जातात तितकं ते वाईट नाही. सीजीनॅटच्या आत असाल तर एक नॅट वाढल्याने फार बिघडत नाही. गेमिंग कन्सोल तेवढा कुरकुरतो.

तक्रार नोंदवताना पहिलं उत्तर "तुमचा राउटर खराब आहे" हेच मिळतं. लॅपटॉप थेट ओएनटीला जोडून विंडोजमधून पीपीपीओई डायल करा. तिथेही नेट नसेल तर वाद संपतो. सोबत ओएनटीच्या पानावरची आरएक्स पॉवर (फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) सांगा. -२० ते -२४ डीबीएम चांगली, -२७ च्या खाली गेली की लाइन लटपटते. ब्रिजमध्ये हे पान राउटरमागून दिसत नाही, म्हणून लॅपटॉपला १९२.१६८.१.१० पत्ता हाताने देऊन ओएनटीच्या रिकाम्या पोर्टात वायर टाकायची. हिरव्या टोकाची फायबर मात्र उपसून पाहू नका. त्या टोकावर बोट लागलं तरी पॉवर पडते, आणि मग लाइनमनची वाट पाहत बसावं लागतं.

वन बीएचके, चाळीस-पन्नासचा प्लॅन, कॉलची तक्रार नाही: अशांनी यात पडू नये. बाकीच्यांनी राउटरच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्यावा आणि पीपीपीओईचा पासवर्ड कागदावर लिहून डब्यालाच चिकटवून ठेवावा. नेट बंद असताना तो मेलमधून काढता येत नाही.