हिकरी फोडायचं यंत्र: एक अख्खा सीझन वापरून मग लिहितेय

लिव्हरवालं नटक्रॅकर कसं असतं ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. लिहायला बसले कारण त्याचा खालचा बिडाचा भाग कडकन तडकला आणि कंपनीने वॉरंटी द्यायला साफ नकार दिला. कारण काय तर म्हणे तुम्ही त्यावर हिकरी (अक्रोडाच्याच कुळातलं, पण फार टणक कवचाचं इथलं नट) फोडलीत. अहो मग काय शेंगदाणे फोडायचे होते? खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय टणक कवचाच्या सगळ्या नट्ससाठी, आणि आतल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात की वॉरंटी फक्त पेकन आणि अक्रोडासाठी. मी मेल केली की बाबांनो, पेकन ही पण हिकरीच आहे, दोघांचंही शास्त्रीय नाव कॅरियानेच सुरू होतं, पेकनचं कवच पातळ एवढाच काय तो फरक. त्यावर उत्तर आलं, तुमचा फीडबॅक आमच्यासाठी मोलाचा आहे, सोबत पुढच्या खरेदीवर कूपन. डोंबल!

तर आमचं ओहायोतलं घर, मागच्या अंगणात शॅगबार्क हिकरीचं भलंमोठं झाड. साल अशी लांबलांब पट्ट्यांनी सुटून लोंबतेय की नवऱ्याला वाटलं झाड आजारी आहे, तो सोलायलाच निघाला होता. ती अशीच असते. उन्हाळ्यात त्या सालीखाली इंडियाना बॅट नावाची वटवाघळं पिल्लं वाढवतात आणि ती इथे संरक्षित आहेत, त्यामुळे हात लावायचा नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात नट पडतात, वरचं जाड हिरवं टरफल चार फाकांत उकलतं, आत फिकट पांढरट, जरा चपटं नट. दरवर्षी सारखं पीक येत नाही, एखादं वर्ष नुसतं बदाबदा पडतं, आणि ते वर्ष नेमकं हे होतं. फुकटचा सुका मेवा खारींना कशाला सोडायचा म्हणून बादल्या भरल्या. पाण्यात टाकून तरंगणारे फेकून दिले (ते बहुतेक किडके किंवा पोकळ असतात, गोल भोक दिसलं तर आतली अळी कधीच निघून गेलेली असते) आणि बुडालेले वाळवले.

सासूबाई तेव्हा इथेच होत्या. "अगं, माझा अडकित्ता आण, सुपारी फुटते तर हे काय घेऊन बसलीस." अडकित्ता सटकला, नट थेट फ्रीजखाली. मग यंत्र मागवलं.

आता माझी खरी तक्रार. नट फुटतं, पण गर अख्खा निघत नाही! कवचाच्या आत नागमोडी पडदे असतात, गर त्यात घट्ट अडकून बसलेला, मग दाभण घेऊन चिमटी चिमटी उकरत बसा. एक संध्याकाळ गेली आणि हातात आली जेमतेम अर्धी वाटी. चव मात्र मानलं पाहिजे, पेकनपेक्षा खमंग, जरा गोडसर. महिनाभर मी यंत्राला शिव्या घालत होते, पण नंतर दोन गोष्टी कळल्या. फोडायच्या आधी नट रात्रभर पाण्यात ठेवायचं, आणि यंत्रात चपटं न ठेवता कडेवर उभं धरायचं, दाब देठाच्या बाजूला येईल असं. मग गराचे निदान अर्धे तुकडे तरी धड निघतात. म्हणजे यंत्र तितकं वाईट नव्हतं, हे आधी एक स्टार देऊन बसलेल्यांनी वाचावं.

आणि मग कनुची सापडली, तेव्हापासून मी दाभण हातातच घेतलेलं नाही. चेरोकी म्हणजे अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांपैकी एक, त्यांचा हा जुना प्रकार आहे. नट कवचासकट कुटायचे, तेल सुटून गोळा वळेपर्यंत, आणि तो गोळा गरम पाण्यात कालवून गाळायचा. कवच चाळणीत राहतं, खाली नारळाच्या दुधासारखं दाट पांढरं दूध. ते लोक त्यात मका नाहीतर भात घालतात, सासूबाईंनी त्यात तांदूळ आणि गूळ घालून खीर केली आणि दोनदा मागून घेतली. मोठी कवचं आधी निवडून काढायची एवढं लक्षात ठेवा, आणि कुटलेले गोळे फ्रीझरमध्येच ठेवा, तेल खूप असल्याने बाहेर लगेच खवट होतात. या सगळ्याला दगडी खलबत्ता पुरतो, म्हणजे यंत्राचे पैसे गेलेच की!

उरलेली कवचं नवरा ग्रिलच्या निखाऱ्यांवर टाकतो, इथले लोक मांसाला हिकरीचा धूर देतात, आम्ही पनीरला दिला, झकास लागला.

गंमत म्हणजे या यंत्राचा दांडा हिकरीच्याच लाकडाचा आहे. बीड तडकलं, दांड्याला साधी चीरसुद्धा नाही. उगाच नाही कुऱ्हाडी-हातोड्यांचे दांडे याचे करत, गोल्फच्या काठ्याही स्टील येईपर्यंत याच्याच असायच्या. कडकपणाच्या जँका टेस्टमध्ये हिकरी १८२० च्या आसपास, तर लाल ओक १२९०, पण दांड्याला कडकपणापेक्षा हादरा सोसणं महत्त्वाचं, आणि तिथे हिकरीचा हात धरणारं लाकूड इथे मिळणं कठीण. आपल्याकडे बाभळीचा दांडा घालतात तसंच हे इथलं.

पेकन फोडणाऱ्यांनी हे यंत्र खुशाल घ्यावं. हिकरीवाल्यांनी हातोडी आणि लाकडी ठोकळा घ्यावा. माझे दोन स्टार, त्यातला दीड दांड्याचा. तो काढून घेतलाय, नवऱ्याची हातोडी कधीची ढिली झालीये, जरा तासला तर तिला बसेल.