कोरियन मालिका बघायच्या तर आधी 'क्रॅश लँडिंग' की 'रिप्लाय 1988'?
'क्रॅश लँडिंग ऑन यू' (2019-20) पहिल्याच भागात पकड घेते: सोलची श्रीमंत उद्योजिका पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियात, झाडाला लटकलेली! 16 भाग आहेत. खलनायकाचं प्रकरण नको तितकं ताणलंय, मी तिथे बिनदिक्कत फास्ट फॉरवर्ड केलं. खरी मजा तिला आसरा देणाऱ्या उत्तर कोरियन अधिकाऱ्याच्या, कॅप्टन रीच्या गावातल्या बायकांची.

'रिप्लाय 1988' मध्ये (2015-16, 20 भाग) तसं काही घडतच नाही. सोलमधली एक गल्ली, पाच कुटुंबं. जेवणाच्या वेळी एक आई शेजारी काहीतरी पाठवते, तिकडून दुसरंच भरून येतं, आणि पोरं भांडी घेऊन गल्लीत एकमेकांना आडवी जात राहतात. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत ना, अगदी तसंच. त्यातल्या एका घरच्या मधल्या मुलीचा, देकसनचा वाढदिवस मोठ्या बहिणीच्याच केकवर उरकतात, काही मेणबत्त्या कमी करून. ती भडकून रडली तेव्हा मीही रडले. (मीही मधलीच.)

सुरुवात रेंगाळते, हे कबूल. म्हणून नवख्या मैत्रिणीला मी 'क्रॅश लँडिंग'च सुचवते. पण तिसऱ्यांदा बघायला घेतलीय ती 'रिप्लाय'. देकसनचा नवरा कोण व्हायला हवा होता, यावर चाहत्यांत अजून दोन तट आहेत. मी गल्लीतल्या जंगह्वानच्या बाजूची, म्हणजे हरलेल्या बाजूची.