फळांचा क्रम्बल: सप्टेंबर ते जुलै वापरून पाहिल्यावर

निकाल आधीच सांगते. घरात पीठ, साखर आणि लोणी किंवा तूप असेल, जोडीला थोडी आंबट फळं असतील, तर ओव्हनमध्ये करायला क्रम्बलइतका भरवशाचा गोड पदार्थ दुसरा नाही. केकला सगळं काटेकोर मोजावं लागतं, फेटावं लागतं, मध्येच दार उघडलं तर तो बसतो. क्रम्बलचे असले कुठलेच नखरे नाहीत. पण नुसत्या गोड फळांवर तो साफ फसतो आणि पाककृती लिहिणारे हे क्वचितच सांगतात. म्हणून हा लांबलचक अनुभव.

मी इंग्लंडमधल्या लीड्सला राहते. इथे भाड्याच्या घरात ओव्हन आधीपासूनच बसवलेला असतो आणि ओळखीच्या निम्म्या मराठी घरांत तो कढया, तवे आणि कुकरची जादा भांडी ठेवायचं कपाट म्हणून वापरात आहे. आमच्याकडेही तसंच होतं. गेल्या सप्टेंबरात तो रिकामा केला आणि तेव्हापासून बहुतेक रविवारी त्यात क्रम्बल असतो.

ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी: खाली चिरलेली फळं, वर पीठ-लोणी-साखर बोटांनी चोळून केलेला रवाळ चुरा, की झालं. मळणं नाही, लाटणं नाही. ब्रिटनमध्ये हा घरोघर पोचला तो दुसऱ्या महायुद्धात. जानेवारी १९४० मध्ये रेशनिंग सुरू झालं ते पार १९५४ पर्यंत चाललं, आणि लोण्याचं रेशन कधी कधी माणशी आठवड्याला जेमतेम ५७ ग्रॅम इतकं खाली आलं होतं. ‘पाय’ म्हणजे पारीत फळं भरून भाजलेला पदार्थ; त्याच्या पारीला लागेल इतकं लोणी आणायचं कुठून? तेव्हा थोडक्यात फळं झाकायची ही युक्ती कामी आली. काटकसर अशी मुळातच मुरलेली असल्यामुळे साखर कमी केली, पीठ बदललं, लोणी थोडं हात आखडून घातलं, तरी हा पदार्थ रुसत नाही.

माझं नेहमीचं प्रमाण २०० ग्रॅम पीठ, १०० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ. मीठ गाळू नका, त्याच्याशिवाय चुरा मुळमुळीत लागतो. फळं साधारण ८०० ग्रॅम. पाच-सहा जणांचं पोटभर होतं. ओव्हन १८० अंशांवर, पंखा असलेला असेल तर १६०, आणि सुमारे ४० मिनिटं. मात्र घड्याळापेक्षा भांड्याच्या कडेला बघावं. वरचा रंग तासाभराचं काम झाल्यासारखा दिसतो आणि आत फळ करकरीत असतं, असं होऊ शकतं. कडेने रस वर येऊन जाडसर बुडबुडे फुटायला लागले की समजायचं. रसाळ फळाला चमचाभर कॉर्नफ्लोअर लावलं असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण रस चांगला उकळल्याशिवाय ते दाटत नाही आणि खाली पिठूळ पाणी उरतं.

आता पीठ. इंग्रज मैदाच वापरतात. आमच्याकडे मैद्याची पिशवी कायम असतेच असं नाही, कणकेची मात्र दहा किलोची असते. नुसत्या कणकेचा चुरा मैद्यापेक्षा खमंग होतो, पण थोडा जड. त्यावर मला जमलेला तोडगा म्हणजे १५० ग्रॅम कणीक आणि ५० ग्रॅम जाडा रवा. रव्याने चुऱ्याला दाताखाली येणारा कुरकुरीतपणा येतो आणि तो दुसऱ्या दिवशीपर्यंत थोडाफार टिकतो. ओट्स घालून बघितले, बरे लागतात, पण मग पदार्थ नाश्त्याकडे झुकायला लागतो. बेसनाचा प्रयोग करू नका असं म्हणेन. थोडं घातलं तरी फळाच्या आंबटपणाशी त्याचं जुळत नाही.

तुपाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे सगळ्यांच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकी बरंचसं पाणी. तूप जवळजवळ सगळंच स्निग्ध. त्यामुळे १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तूप पुरतं. शंभर घातलं तर चुरा वितळून फळात उतरतो आणि वर तेलकट तवंग येतो. दुसरं असं की लोण्यातलं पाणी पिठाला धरून ठेवतं, छोटे छोटे गोळे बनवतं. तुपाचा चुरा वाळूसारखा मोकळा राहतो. गोळे हवे असतील तर शेवटी चमचाभर गार दूध शिंपडून हाताने हलवायचं. तूप थिजलेलं, कणीदार हवं. हिवाळ्यात लीड्सच्या स्वयंपाकघरात ते आपोआप तसंच असतं, सांगलीला मे महिन्यात फ्रिजमध्ये ठेवावं लागतं.

आई मार्चमध्ये आली होती. पहिला घास खाऊन म्हणाली, ‘अगं, हे तर न वळलेले लाडू!’ आणि मग चुऱ्यात वेलची का नाही म्हणून विचारलं. तिच्या सांगण्यावरून घातली. सफरचंदाबरोबर वेलची ठीक, जायफळ जास्त चांगलं. दालचिनीचा इथे इतका मारा असतो की मी ती बंदच केली आहे.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो फळाने. इथे स्वयंपाकाचं म्हणून वेगळं सफरचंद मिळतं, ब्रॅम्ली. हिरवं, बेढब, हाताएवढं आणि कच्चं खाल्लं तर तोंड वाकडं होईल इतकं आंबट. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने लावलेल्या बियांतून याचं मूळ झाड उगवलं. नाव मात्र पडलं ते नंतर घर विकत घेणाऱ्या मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाचं. (बी पेरणारीच्या वाट्याला काही आलं नाही, असो.) शिजल्यावर या सफरचंदाच्या फोडी राहत नाहीत, त्याचा फेसाळ, आंबटगोड लगदा होतो आणि वरचा गोड कुरकुरीत चुरा त्याच्यावरच शोभतो. साधं गोड लाल सफरचंद घातलं तर फोडी चामड्यासारख्या राहतात आणि चव एकसुरी गोड. तेच हाताशी असेल तर फोडी बारीक करा, एका लिंबाचा रस पिळा आणि फळातली साखर पूर्ण वगळा. तरी ते ब्रॅम्ली होत नाही, पण खाण्याजोगं होतं.

सप्टेंबरात मी सुरुवात केली ती ब्लॅकबेरीने, कारण ती फुकट. लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या काठाने चालत गेलं की काटेरी झुडपांवर लगडलेली असते. बरोबर डबा न्यायचा, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालायचा. २९ सप्टेंबरनंतर ती तोडू नये, सैतान तिच्यावर थुंकतो, असा इथला जुना समज. त्यात तथ्य इतकंच की तोवर ओल वाढलेली असते आणि फळं पाणचट, बुरशीची व्हायला लागतात. ब्लॅकबेरी आणि ब्रॅम्ली निम्मी-निम्मी, हे माझ्या मते सगळ्यांत उत्तम मिश्रण. रंगासाठीच करावं.

जानेवारी ते मार्च रूबार्ब, म्हणजे लांब आंबट देठांची एक वनस्पती. लीड्सला राहण्याचा हा एक फायदा: वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल यांच्यामधला पट्टा रूबार्बसाठी प्रसिद्ध आहे. थंडीत ही झाडं गरम, अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि उजेडाने देठ कडक होऊ नयेत म्हणून मेणबत्तीच्या प्रकाशात काढणी करतात. २०१० मध्ये त्याला युरोपचं भौगोलिक संरक्षणही मिळालं. गुलाबी, कोवळे देठ, चव झणझणीत आंबट. पानं विषारी, ती टाकूनच द्यायची. फळ म्हणून खातात पण खरं तर ही भाजी. पाणी प्रचंड सोडते, म्हणून ५०० ग्रॅमला सपाट चमचाभर कॉर्नफ्लोअर आणि किमान ८० ग्रॅम साखर. वर अर्धा चमचा सुंठ. इंग्रजही रूबार्बला आलं घालतात, आपली सुंठ तर त्याहून छान बसते. आंबाडीची भाजी आवडणाऱ्यांना हा क्रम्बल नक्की आवडेल. ज्यांना ती आवडत नाही त्यांनी वाटेला जाऊ नये.

बरोबर काय? इथे कस्टर्डच. आमच्यासारख्या अंडी न खाणाऱ्या घराला ते चालतं, कारण कस्टर्ड पावडर मुळात बिनअंड्याचीच. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ मध्ये ती बनवली, बायकोला अंडी सोसत नव्हती म्हणून. कॉर्नफ्लोअरवर दाटवलेलं दूध, इतकंच. आपल्याकडे पुण्याच्या वीकफिल्डचं मिळतंच. फ्रूट सॅलडला लागतं त्याहून पातळ करा आणि गरम ओता. गार कस्टर्ड वर ओतलं की चुरा तिथेच मऊ पडतो.

तक्रारी. एक, उरलेला क्रम्बल मायक्रोवेव्हमध्ये गरम केला की वरचा थर ओल्या भुशासारखा होतो. ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवला तर पुन्हा सावरतो, पण एका वाटीसाठी ओव्हन कोण तापवणार? दोन, पंगतीत किंवा मंडळाच्या कार्यक्रमात हा अवघड. वड्या पाडता येत नाहीत, हातात घेऊन खाता येत नाही, वाटी-चमचा लागतोच. दिवाळीच्या कार्यक्रमाला मी दोन ट्रे नेले होते, शेजारी करंज्या ठेवलेल्या. करंज्या आधी संपल्या, यावरून काय ते समजा. तीन, इथल्या विजेच्या दरात एकट्या क्रम्बलसाठी ओव्हन लावणं जिवावर येतं. मी त्याच वेळी खालच्या कप्प्यात भरताचं वांगं ठेवते. फळाला वास लागत नाही, फक्त वांग्याला आधी टोचे मारून ठेवा.

याउलट एक सोय अशी की तिच्यामुळेच हा पदार्थ टिकला: चुरा दुप्पट करून अर्धा पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाकायचा. दोन-तीन महिने छान राहतो आणि वितळवायचीही गरज नाही, तसाच गार फळांवर पसरायचा. उलट तो जास्त खुसखुशीत होतो, कारण लोणी वितळण्याआधी पिठाला शिजायला वेळ मिळतो. पाहुणे अचानक आले तर फळं चिरायची दहा मिनिटं, बाकी काम ओव्हनचं.

मे महिन्यात सांगलीला गेले तेव्हा आईकडच्या ओटीजीत केला. खालची-वरची दोन्ही कॉइल लावली तर चुरा करपायला लागतो, म्हणून पहिली २५ मिनिटं फक्त खालची, मग दोन्ही. ओटीजीवरचं तापमान नुसतं नावाला असतं, पहिल्यांदा करताना समोर थांबा. फळांत सगळ्यात यशस्वी ठरली ती कैरी, आणि याचं आश्चर्य वाटायला नको: आंबट, शिजली की मऊ लगदा, अगदी ब्रॅम्लीचं काम करते. ५०० ग्रॅम कैरीला २०० ग्रॅम गूळ, थोडी वेलची, वर तुपाचा चुरा. गूळ फळात घाला, चुऱ्यात नको. गुळाने चुरा चिवट होतो आणि लवकर काळवंडतो. चिकू अजिबात नको, आंबटपणा शून्य आणि शिजल्यावर रवाळ चिखल. पेरूच्या बिया त्रास देतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी एकटी पाणी होते, सफरचंदाबरोबर एक चतुर्थांश घातली तर चालते. हापूस ओव्हनमध्ये घालायचा विचार कोणी बोलून दाखवला तरी आमच्याकडे घरातून बाहेर काढतील.

एकादशीला आईने स्वतःच्या डोक्याने राजगिऱ्याचं पीठ, दाण्याचा कूट, साखर आणि तूप चोळून सफरचंदावर घातलं. राजगिरा लवकर लाल होतो, तेव्हा १७० वर. चव उत्तम होती. ज्यांना गहू चालत नाही त्यांनाही हाच करून घालते आता.

ओव्हन नसेल तर हिरमुसू नका. चुरा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवत १५ मिनिटं परता, खरपूस वास आला की ताटात पसरून गार करा, तो गार होतानाच कुरकुरीत होतो. फळं दुसऱ्या भांड्यात साखर घालून शिजवा आणि वाढताना वर चुरा पेरा. ओव्हनमधल्यासारखा कडेचा चिकट, कॅरॅमल झालेला भाग मिळत नाही, आणि आमच्या घरी भांडण त्याच भागावरून होतं. बाकी चव तीच.

सध्या बाजारात गूजबेरी आली आहे (आपला आवळा नव्हे, झुडपावर येणारं छोटं आंबट फळ). देठ आणि शेंडा कात्रीने एकेक कापावा लागतो, कंटाळवाणं काम, मुलांना बसवा. साखर मात्र ८०० ग्रॅमला १५० च्या खाली आणू नका.